वाळू कुठून उचललीस?

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात प्लास्टिकचा एक पारदर्शक डबा आहे. झाकणाभोवती टेप गुंडाळलेली आणि टेपवर माझ्याच घाईच्या अक्षरात 'कि-३, काळी' असं लिहिलेलं. तारीख नाही, वेळ नाही, वाळू किती खोलवरची तेही नाही. किनाऱ्यावरच्या वाळूतला नैसर्गिक किरणोत्सार मोजायला लागले त्या पहिल्या हंगामातला हा डबा. या डब्याने मला एकदा नव्हे, तीनदा तोंडघशी पाडलंय, म्हणून तो टाकवत नाही.

त्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला आम्ही तिघं किनाऱ्यावर उतरलो. हातात सर्व्हे मीटर. त्याच्या पोटात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो, गॅमा किरण आत शिरला की त्यात क्षीण चमक उठते, आणि त्या चमका मोजल्या जातात. मीटर कमरेच्या वर, जमिनीपासून एक मीटरवर धरून चालायचं. पाण्याच्या कडेला आकडा इतका कमी की यंत्र बिघडलंय की काय अशी शंका यावी. त्यात नवल काही नाही. ओली, धुतलेली, गारगोटीची वाळू किरणोत्साराच्या बाबतीत अगदी गरीब असते, आणि शिंपल्यांचा चुरा तर तिच्याहून गरीब. भरतीच्या वरच्या रेघेपाशी मात्र आकडा चढू लागला. तिथे वाळूवर काळ्या पट्ट्या होत्या, कुणी काजळाचं बोट ओढावं तशा. मीटर खाली नेऊन पट्टीला टेकवला तर आकडा उड्या मारायला लागला. मी हरखले आणि फावड्याने पट्टीच खरवडून पिशवीत भरली. वीस पावलं अलीकडची पांढरी वाळूही घेतली, पण ती आपली नावाला.

प्रयोगशाळेत सरांनी पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि विचारलं, "अगं, वाळू कुठून उचललीस?"

"किनाऱ्यावरून, सर."

सर काहीच बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला पुढे दीड वर्षाने कळला.

काळी पट्टी होते कशी, ते आधी सांगते. लाट वर येते तेव्हा जोरात असते, सापडेल ते उचलून आणते. परत फिरताना तिचं बरंचसं पाणी वाळूत जिरलेलं असतं, जोर ओसरलेला असतो, मग हलके दाणे तेवढे ती माघारी नेते आणि जड दाणे वरच राहतात. सुपात धान्य पाखडावं, तसं हे दिवसरात्र चालू असतं. गारगोटीची घनता २.६५, फेल्डस्पार या खनिजाची त्याहून किंचित कमी. इल्मेनाइट आणि झिरकॉन ४.६-४.७ च्या घरात, मोनाझाइट ५ च्या आसपास. वादळी लाटा किनारा खरवडतात तेव्हा हे पाखडणं फार जोरात होतं आणि जड खनिजांचे थरच्या थर उघडे पडतात.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो, मलाही होताच. काळी वाळू म्हणजे किरणोत्सारी वाळू, असं लोक धरून चालतात. काळेपणा असतो इल्मेनाइटचा, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचा, आणि ते बिचारं जवळपास निरुपद्रवी. खरा गुन्हेगार मोनाझाइट. सूक्ष्मदर्शकाखाली तो मधासारखा पिवळा, गोलसर, गोजिरवाणा दिसतो. सिरियम, लँथॅनम वगैरेंचा हा फॉस्फेट, आणि त्याच्या स्फटिकात थोरियम ठाण मांडून बसलेलं असतं. मूळ ग्रॅनाइट किंवा नाइस खडक झिजून माती होतो, पण मोनाझाइट सहजी विरघळत नाही. नदीतून गडगडत समुद्रापर्यंत येतो आणि लाटा त्याला पुन्हा वर आणून ठेवतात. युरेनियमचं वागणं वेगळं. ते कार्बोनेटशी संधान बांधून पाण्यात विरघळतं आणि समुद्राला जाऊन मिळतं. म्हणून जड खनिजांच्या वाळूत बहुधा थोरियमचंच राज्य असतं. मात्र ज्या किनाऱ्यामागचा खडक बेसॉल्टचा आहे, तिथली वाळू कितीही काळीकुट्ट असली तरी मीटर ढिम्म हलत नाही, कारण मुळात आडातच थोरियम नाही.

केरळातल्या चवऱ्याच्या वाळूची गोष्ट मला फार आवडते. तिथल्या मोनाझाइटचा पत्ता लागला तो काथ्यामुळे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत तो सापडला. त्या काळी थोरियमला मोठी मागणी होती, आणि तिचा किरणोत्साराशी काही संबंध नव्हता. गॅसच्या दिव्यांच्या मॅंटलमध्ये, म्हणजे ज्योतीवरच्या उजळणाऱ्या जाळीत, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड असायचं. म्हणजे काथ्याला चिकटलेली चिमूटभर वाळूसुद्धा 'कुठून उचलली' हे विचारणारा माणूस भेटला म्हणून एवढं सगळं घडलं. (तेव्हा मला ही गोष्ट ठाऊक नव्हती, नाहीतर सरांच्या प्रश्नाचा रोख लवकर कळला असता.)

असो. डब्याकडे येते.

वाळू आणली की लगेच डिटेक्टरवर ठेवता येत नाही. आधी ती ओव्हनमध्ये ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, शिंपले-काटक्या काढायच्या, चाळायची. चाळणं निरागस काम वाटतं, पण तसं नाही. मोनाझाइटचे दाणे बहुधा बारीक असतात. जाड वाळू चाळणीवर ठेवून फेकून दिली तर उरलेल्या वाळूत थोरियम आपोआप 'वाढतं'. दुसरी खोडी प्रवासातली. पिशवी गाडीत हादरे खात आली की जड दाणे तळाशी जाऊन बसतात, आणि वरवरची वाळू डब्यात भरली की आकडा वेगळा, तळची भरली की वेगळा. म्हणून वाळूचा ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला सारायचे, पुन्हा ढीग करायचा. हात दुखतात, पण त्याला दुसरी वाट नाही. डबा भरल्यावरही तो आपटायचा नाही, नाहीतर जड दाणे पुन्हा खाली, म्हणजे थेट डिटेक्टरच्या तोंडाशी.

मग झाकण घट्ट लावून चार आठवडे वाट पाहायची. नव्याने आलेल्यांना हे पटत नाही. युरेनियमच्या साखळीत, म्हणजे एका अणूपासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा अशा विघटनांच्या क्रमात, रेडियम-२२६ पासून रेडॉन-२२२ होतो आणि तो वायू आहे. आपण जे गॅमा किरण मोजतो, ते रेडियमचे फारसे नसतातच, ते रेडॉनच्या पुढच्या पिढ्यांचे, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ यांचे असतात. वाळू चाळताना, वाळवताना रेडॉन उडून गेलेला असतो. डबा बंद केल्यावर तो पुन्हा साठतो आणि त्याची लेकरं त्याच्याबरोबर समतोलात येतात. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू संपायला लागणारा काळ, ३.८२ दिवस. सात अर्धायुष्यं म्हणजे सुमारे २७ दिवस, तेवढ्यात समतोल ९९ टक्क्यांच्या वर जातो.

एकदा एकाच वाळूचे मी दोन डबे भरले होते, पडताळा म्हणून. महिन्याने मोजले तर एकातला ६०९ केईव्हीचा (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप) बिस्मथ-२१४ चा पीक, म्हणजे आलेखातला सुळका, दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी ठेंगणा. थोरियमच्या साखळीचे पीक मात्र दोन्हीकडे सारखे. वजन सारखं, डबे सारखे. मी दोन दिवस हिशेब उलटसुलट करत बसले. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी डबा उजेडात धरला आणि म्हणाले, "मॅडम, झाकण वाकडं बसलंय." झाकणाच्या आट्यांमध्ये वाळूचे दोन कण अडकले होते. त्या फटीतून रेडॉन महिनाभर सावकाश निसटत होता. थोरियमच्या साखळीतला वायू म्हणजे रेडॉन-२२०, त्याचं अर्धायुष्य जेमतेम ५६ सेकंद. तो फटीपर्यंत पोचण्याआधीच संपतो, म्हणून त्या साखळीचे पीक शाबूत. तेव्हापासून आटे ब्रशने झाडल्याशिवाय मी झाकण लावत नाही आणि मामांना विचारल्याशिवाय टेप गुंडाळत नाही.

मोजणी होते ती जर्मेनियमच्या डिटेक्टरवर. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला अतिशुद्ध जर्मेनियमचा एक तुकडा, भोवती दहा सेंटिमीटर जाडीची शिशाची भिंत, आतून तांब्याचं अस्तर. शिशातही शिसं-२१० नावाचा किरणोत्सारी भाऊबंद असतो, अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. म्हणून शतकानुशतकं पडून राहिलेलं शिसं या कामात मौल्यवान, आणि त्यासाठी समुद्रात बुडालेल्या प्राचीन जहाजांतलं शिसंही शोधलं गेलंय. आमचं शिसं इतकं खानदानी नाही. रिकामा डबा ठेवूनही यंत्र काहीतरी मोजतच राहतं, ते बॅकग्राउंड प्रत्येक वेळी वजा करायचं.

एका नमुन्याला ६०,००० सेकंद, म्हणजे पावणेसतरा तास. संध्याकाळी लावायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत डिटेक्टरकडे फिरकायचं नाही. किरणोत्सार हा योगायोगाचा मामला असल्याने १०० काउंटवर १० टक्के अनिश्चितता असते, १०,००० काउंटवर १ टक्का. पांढऱ्या वाळूच्या बारक्या पीकांना म्हणून इतका वेळ लागतो. काळी वाळू तासाभरातच सगळं ओकून टाकते.

स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा आलेख, बघायची एकदा सवय झाली की पीक ओळखीची माणसं होतात. २३८ वर शिसं-२१२, ३५२ वर शिसं-२१४, ५८३ वर थॅलियम-२०८, ६०९ चा बिस्मथ, ९११ चं अ‍ॅक्टिनियम-२२८, १४६१ वर एकटंच उभं असलेलं पोटॅशियम-४०, आणि अगदी टोकाला २६१४ वर पुन्हा थॅलियम. थॅलियमशी व्यवहार करताना लक्षात ठेवायचं की साखळीतल्या दर शंभर विघटनांपैकी ३६ च त्याच्या वाटेने जातात. हे विसरून थोरियम जवळजवळ एक तृतीयांश दाखवणारा एक तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतोच.

'कि-३, काळी' ने मला पाडलं ते पोटॅशियमपाशी. थोरियम निघालं किलोमागे सुमारे ३००० बेकरेल (म्हणजे सेकंदाला तितकी विघटनं), त्याची मी मनाची तयारी केलेली होती. पोटॅशियम-४० निघालं ३२५. हा आकडा अगदी सज्जन दिसतो. जगभरच्या मातीचं मध्यमूल्य ४०० च्या आसपास आहे, म्हणून मी निर्धास्तपणे तक्ता भरून सरांकडे दिला. त्यांनी शेजारच्या ओळीवर बोट ठेवलं. पांढऱ्या वाळूत पोटॅशियम २८० होतं.

"पोटॅशियम कशात असतं?"

"फेल्डस्पारमध्ये."

"फेल्डस्पार जड की हलकं?"

मग लख्ख प्रकाश पडला. फेल्डस्पार तर गारगोटीहूनही हलकं. लाटेने ते पहिल्या झटक्यात वाहून नेलेलं असणार. काळ्या पट्टीत पांढऱ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असणं शक्यच नाही. चोर सापडला तो शेजारीच. अ‍ॅक्टिनियम-२२८ चा एक दुबळा किरण १४५९ केईव्हीवर असतो, दर शंभर विघटनांत एखादासुद्धा नाही, सुमारे ०.८. पोटॅशियमचा १४६०.८ वर, शंभरात साधारण १०.७. दोहोंतलं अंतर दीड-पावणेदोन केईव्ही, आणि आमचा डिटेक्टर तिथे दोन केईव्हीच्या आतलं काही नीट वेगळं करत नाही. एरवी त्या दुबळ्या किरणाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण थोरियमच ३००० असेल तर हा पाहुणा पोटॅशियमच्या नावावर सव्वादोनशे बेकरेल जमा करून जातो. ९११ च्या पीकवरून त्याचा वाटा काढून वजा केला तेव्हा खरं पोटॅशियम उरलं १०० च्या आसपास. हसू येतं ते याचं की आकडा भलताच असता तर मी थांबले असते. तो सर्वसामान्य दिसला, म्हणून फसले.

दुसरं पडणं लगेचच. हाताशी सूत्र होतं: रेडियमच्या आकड्याला ०.४६२ ने गुणा, थोरियमला ०.६०४ ने, पोटॅशियमला ०.०४१७ ने, बेरीज करा, की जमिनीपासून एक मीटरवरचा डोस मिळतो, ताशी नॅनोग्रेमध्ये (ग्रे हे शोषल्या गेलेल्या किरण-ऊर्जेचं माप). माझं उत्तर १९०० च्या वर गेलं. जगाची सरासरी ५९. मी अक्षरशः दबक्या आवाजात सांगायला गेले. सरांनी माझीच वही उघडली. त्याच जागी, त्याच पहाटे, एक मीटरवर मीटरने दाखवलेला आकडा मीच लिहून ठेवला होता, दोनशेच्या आसपास. सूत्र धरून चालतं की तुम्ही अथांग पसरलेल्या, खोलवर एकसारख्या जमिनीवर उभे आहात. माझी पट्टी दोन बोटं जाड आणि हातभर रुंद. तिच्याखाली आणि आजूबाजूला सगळी गरीब पांढरी वाळू. मी ती दोन बोटं खरवडून डब्यात भरली आणि त्या डब्याचा अख्खा किनारा केला.

हे फक्त माझ्यासारख्या नवशिक्यांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण किनाऱ्याच्या वाळूवरचे कितीतरी तक्ते मी याच चालीवर बघते. चार नमुने, सूत्रात घातलेले आकडे, पुढे 'रेडियम समतुल्य' आणि त्याची किलोमागे ३७० बेकरेलची मर्यादा. हे समतुल्य बांधकामाच्या सामानासाठी आखलेलं आहे. ३७० रेडियम, २५९ थोरियम आणि ४८१० पोटॅशियम सारखाच गॅमा डोस देतात, या हिशेबावर. वाळू भिंतीत जाणार असेल तर ते जरूर काढावं. भरतीच्या रेघेवरच्या, कुणी उचलून न नेणाऱ्या पट्टीला ते लावून 'मर्यादेपेक्षा अनेक पट' असं लिहायचं, याला माझ्या मते काही अर्थ नाही. आकडा बरोबर असतो, त्यातून निघणारं वाक्य चुकीचं असतं.

किनाऱ्यावर मीटर घेऊन उभं राहिलं की लोक जमतातच. "धोका आहे का हो?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "सोनं सापडलं का?" पहिल्याचं उत्तर मी हल्ली तिथेच बोटांवर हिशेब करून देते. समजा एखादा माणूस आठवड्याला दोन तास नेमका अशा जागी बसतो जिथे एक मीटरवर ताशी १००० नॅनोग्रे आहेत. वर्षाचे १०४ तास. शरीरासाठीचा ०.७ चा गुणक लावला की होतात सुमारे ०.०७ मिलीसिव्हर्ट (सिव्हर्ट हे शरीरावरच्या परिणामाचं माप). आपल्या सगळ्यांना हवेतला रेडॉन, अवकाशातून येणारे किरण, अन्न, जमीन असं सगळं धरून वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट मिळतच असतात. तिथेच घर बांधून जन्मभर राहणाऱ्याचा हिशेब अर्थातच वेगळा. केरळातल्या करुनागप्पल्लीत अशा वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ७० हजार लोकांचा सरासरी दहा वर्षांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जमिनीच्या गॅमा किरणांमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही. दहा वर्षांत सगळंच दिसतं असं नाही, हेही मी सांगते. ब्राझीलच्या ग्वारापारीत तर लोक दुखऱ्या सांध्यांना बरं वाटावं म्हणून तसल्याच वाळूत मुद्दाम लोळतात. त्यावर मी काही बोलत नाही.

तिसरी फजिती सर्वांत साधी, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली. अहवाल पुरा करण्याआधी सर म्हणाले, एकदा पुन्हा जाऊन ये, त्याच जागेवरून पुन्हा आण. मधल्या काळात एक वादळ होऊन गेलं होतं. मोबाइलमधल्या नोंदीवरून मी नेमक्या जागी जाऊन उभी राहिले. काळी पट्टी नव्हतीच. गुळगुळीत पांढरी वाळू, पायाखाली कचकचणारे शिंपले, मीटर गरीब आकड्यावर शांत. मी हातभर खड्डा खणला. वरून कोपरभर खोलीवर, दोन पांढऱ्या थरांच्या मध्ये, काळी रेघ दिसली, बोटाएवढी. ती 'माझीच' की आणखी कुठल्या जुन्या वादळाची, हे सांगायचा काही मार्ग नव्हता. खड्ड्याच्या भिंतीवर खाली आणखी दोन रेघा होत्या, फिकट.

त्या दिवशी मी पट्टी खरवडली नाही. पाण्यापासून वरच्या रेघेपर्यंत दोरी टाकली आणि दर पाच मीटरवर नळी ठोकून तीस सेंटिमीटरपर्यंतची अख्खी वाळू काढली, पट्टी लागो न लागो. सोळा नळ्या झाल्या. पाठीचे काटे ढिले झाले. पुढचे दोन महिने डिटेक्टरला दुसरं काही दिसलंच नाही.

आता माझ्या डब्यावरच्या चिठ्ठीत मावत नाही म्हणून मी ती दुमडून चिकटवते: तारीख, ओहोटीची वेळ, रेघेपासूनचं अंतर, खोली, पृष्ठभागावरचा आणि एक मीटरवरचा मीटरचा आकडा, आधीचं वादळ कधी झालं ते. मागच्या आठवड्यात नवी मुलगी पहिल्यांदा किनाऱ्यावर जाऊन आली. पिशवी जड होती, चेहरा फुललेला. मी पिशवी हातात तोलली आणि सरांच्या नकळत सरांचाच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "किनाऱ्यावरून, ताई." मी खालच्या खणातून डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला.

मामांनी तिला आटे झाडायचा ब्रश आधीच देऊन ठेवला होता.